सांखळी सांधावी कीं टाकावी?

मराठवाड्यांत जालना शहराला सोन्याचा पाळणा म्हणण्याची जुनी चाल आहे. कुंडलिका नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव निजामी अमलांतही व्यापाराचें ठिकाण होतें. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग येथून गेल्यावर त्या पेठेला अधिकच बळ मिळालें. १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. बाहेरच्या लोकांना हें नांव आज मुख्यतः दोन गोष्टींमुळें ठाऊक असतें. एक शेताचें बियाणें आणि दुसरी घराची सळई. पुण्यामुंबईकडे घर बांधावयास काढणाऱ्या कित्येक गृहस्थांच्या भिंतींत आणि छपरांत जालन्याच्या भट्टींतून निघालेलें पोलाद असतें; परंतु तें तेथवर कसें आलें याचा विचार करण्याचा प्रसंग त्यांजवर क्वचितच येतो.

हें पोलाद मुख्यतः भंगारापासून होतें व त्याला स्पंज लोखंडाची जोड दिलेली असते. मोडकीं यंत्रें, जुने पत्रे, तुटके गज हें सारें विजेच्या भट्टींत सुमारें सोळाशें अंश उष्णतेवर वितळतें. त्या रसाचे लांब चौकोनी ठोकळे, म्हणजे बिलेट, ओततात. ते पुन्हां तापवून लाटण्याच्या यंत्रांतून काढले कीं सळई तयार होते. या सर्व खटाटोपांत हातांनीं उचलण्याजोगी वस्तु जवळजवळ नसते. बिलेटांच्या मोळ्या, लाटयंत्राचे अवजड रूळ, भट्टीचे भाग, बांधलेल्या सळयांचे गठ्ठे हें सर्व क्रेननें, म्हणजे यारीनें, उचलावें लागतें. यारी कितीही बलाढ्य असो, तिचा आंकडा आणि ओझें यांच्यामध्यें असते ती एक सांखळी. कारखान्यांत तिला चेन स्लिंग म्हणतात. वर एक मोठी कडी, तिच्यापासून खालीं सोडलेले सांखळीचे एक, दोन किंवा चार पाय आणि प्रत्येक पायाच्या टोंकाला हूक, असें तिचें साधें रूप असतें.

या सांखळीची एखादी कडी झिजली, वांकली किंवा तिला खांच पडली, तर ती दुरुस्त करावी कीं सांखळीच बदलावी, हा प्रश्न वरवर पाहतां हिशेबनिसाचा वाटतो. नवी सांखळी महाग असते; भट्टी थांबली तर तासागणिक नुकसान होतें; आणि वेल्डिंग करणारा मनुष्य तर कारखान्यांत हाताशींच असतो. एका कडीला झाळ दिली कीं काम पुढें चालूं लागतें. परंतु ओझें वर गेल्यावर त्याच्या आसपास कामगार वावरत असतात, आणि जी कडी दुबळी आहे ती तुटण्यापूर्वीं आवाज देईलच असा नेम नसतो. तेव्हां हा प्रश्न पैशांचा आहेच. पण प्रथम तो सांखळीच्या स्वभावाचा आहे. तो स्वभाव समजल्यावांचून हिशेब मांडणें म्हणजे आंकड्यांचा खेळ होय.

सांखळी कशी झिजते हें पाहण्यास कारखान्यांत जावयास नको. ज्या घरांत जुना झोपाळा आहे, तेथें त्याच्या कड्या काढून पाहाव्या. कडीच्या लांब बाजू वर्षानुवर्षें जशाच्या तशा राहतात. पण जेथें एक कडी दुसरीत अडकते त्या वांकणाच्या आंतल्या बाजूला गुळगुळीत खळगा पडलेला दिसतो. झोका चालूं असतां ही जागा झांकलेली असते. सांखळी ताणून धरली तरी ती दिसत नाहीं. कड्या सैल करून, एकमेकींपासून सरकवूनच ती पाहावी लागते. यारीच्या सांखळीची झीजही नेमकी येथेंच होते, आणि दुरून नजर टाकून सांखळी ठीक आहे असें म्हणणाऱ्याची फसगतही येथेंच होते.

म्हणून झीज मोजावी लागते. सर्वांत अधिक झिजलेल्या जागीं कॅलिपर लावून एकमेकांशीं काटकोनांत दोन मापें घ्यावयाचीं आणि त्यांची सरासरी काढावयाची, अशी रीत आहे. ही सरासरी मूळ जाडीच्या नऊ दशांशांहून कमी भरली, तर ती सांखळी कामांतून काढावी, असा युरोपीय मानकांचा दंडक आहे. दहा मिलिमीटर जाडीच्या सांखळीला हा दंडक लावला तर नऊ मिलिमीटर ही तिची अखेरची मर्यादा ठरते. एकच मिलिमीटर गेला, त्यांत काय मोठेंसें, असें कोणास वाटेल. पण सांखळीचें बळ जाडीवर नसून कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळावर असतें. जाडी शेंकडा १० नें घटली कीं क्षेत्रफळ शेंकडा १९ नें घटतें. डोळ्याला जी झीज दहावा भाग वाटते, ती बळाच्या हिशेबांत जवळजवळ पांचवा भाग असते.

आतां दुरुस्तीची गोष्ट. जुन्या काळीं सांखळ्या घडीव लोखंडाच्या असत. तें लोखंड मऊ, तंतुमय आणि लोहाराच्या हाताला वश होणारें असे. कडी तुटली तर लोहार नवी कडी भट्टींत लाल करून, तिचीं टोंकें एकावर एक ठोकून सांधीत असे. इतकेंच नव्हे, तर वापरानें असें लोखंड ताठर व ठिसूळ होत असल्यामुळें सांखळी ठराविक मुदतीनें तापवून हळूहळू निववावी, असा निर्बंध इंग्लंडांत आणि मागाहून भारतांतील कारखान्यांच्या नियमांतही घातलेला होता. त्या लोखंडाला अग्नि हें औषध होतें. सांखळी बिघडली कीं तापवावी, हा समज कारखान्यांच्या अंगवळणीं पडला तो असा. आणि त्या काळीं तो चुकीचा नव्हता.

परंतु आज भारी ओझ्यांसाठीं वापरली जाणारी सांखळी त्या लोखंडाची नसते. ती मिश्र पोलादाची असते, आणि कड्या वळवून सांधून झाल्यावर त्या पोलादाला पाणी दिलेलें असतें. विळा, कोयता किंवा वस्तरा यांना पाणी देणें हा शब्दप्रयोग मराठींत सर्वांच्या ओळखीचा आहे. तापलेलें पोलाद एकदम निववून कठीण करावयाचें आणि मग मोजक्या उष्णतेनें त्याचा ठिसूळपणा काढावयाचा, अशी ती दुहेरी क्रिया असते. सांखळीचें सारें बळ या पाण्यांत आहे. ग्रेड ८० म्हणून ओळखली जाणारी दहा मिलिमीटरची सांखळी एकाच उभ्या पायावर ३.१५ टन भार पेलते, आणि तुटण्यापूर्वीं त्याच्या चौपट ताण तिनें सोसला पाहिजे अशी अपेक्षा असते. अशा सांखळीच्या एका कडीला वेल्डिंगची ज्योत लागली कीं त्या जागेचें पाणी उतरतें. कोठें ती मऊ पडते, तर सांध्याच्या कडेला एखादा भाग कांचेसारखा ठिसूळ होतो. वरून झाळ घांसून चकचकीत केली तर नवी कडी आणि जुनी कडी यांत डोळ्याला भेदही कळत नाहीं. बाहेरून ती दुरुस्त झालेली असते आणि आंतून बिघडलेली असते.

जालन्याच्या कामगाराला ही गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं. तो जी सळई तयार करतो तिचें मर्मही हेंच आहे. लाटयंत्रांतून लालभडक सळई बाहेर पडतांच तिच्यावर पाण्याचा जोराचा मारा होतो. बाहेरचा थर क्षणांत निवून कठीण होतो, आणि गाभ्यांतील उष्णता मागाहून बाहेर झिरपून त्या थराचा ठिसूळपणा काढते. टी. एम. टी. या तीन अक्षरांचा अर्थ इतकाच. ती सळई पुन्हां लाल करून वांकविली तर तिचें कमावलेलें बळ जातें, हें बांधकामावरचे जाणते मिस्त्री सांगतात. जो नियम विकावयाच्या मालाला लागू, तोच तो माल उचलणाऱ्या सांखळीलाही लागू आहे.

उष्णतेचा धोका वेल्डिंगपुरताच नाहीं. पोलादाच्या कारखान्यांत ओझेंच अनेकदां ऊन असतें. ग्रेड ८० च्या सांखळीचा दंडक असा आहे कीं, दोनशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तिला पूर्ण भार द्यावा. दोनशें ते तीनशें अंशांत शेंकडा ९०. तीनशें ते चारशें अंशांत शेंकडा ७५. आणि चारशें अंशांच्या वर ती वापरूंच नये. आतां गंमत अशी कीं, पोलाद दिवसाच्या उजेडांत लाल दिसूं लागतें तें याहून पुष्कळ अधिक उष्णतेवर. म्हणजे जो बिलेट काळा पडला, निवला असें वाटतें, तो सांखळीच्या दृष्टीनें अद्याप फार तापलेला असूं शकतो. चारशें अंशांपलीकडे तापलेली सांखळी मागाहून थंड झाली म्हणून पूर्ववत् होत नाहीं. तिची खूण प्रत्येक वेळीं उमटतेच असें नाहीं. म्हणून ती कोठें वापरली गेली हें ठाऊक असणें हाच तिच्या तपासणीचा अर्धा भाग होय.

दुसरा मोठा शत्रु म्हणजे अतिभार. हा पुष्कळदां अजाणतां होतो. पाण्यानें भरलेली जड घागर दोघींनीं मिळून उचलतांना दोघी जवळ जवळ असतील तर भार निम्मानिम्मा वाटला जातो. पण दोघी दूर सरकल्या आणि हात आडवे झाले कीं तीच घागर दोघींनाही जड होते. दोन पायांच्या सांखळीचें हेंच आहे. पाय सरळ उभे असतां प्रत्येकावर निम्मा भार पडतो. परंतु प्रत्येक पाय उभ्या रेषेपासून साठ अंश कलला कीं त्या एकेका पायावर सबंध ओझ्याएवढा ताण येतो. म्हणूनच दहा मिलिमीटरच्या दोन पायांच्या सांखळीनें पंचेचाळीस अंशांपर्यंत ४.२५ टन उचलतां येतात, आणि साठ अंशांपर्यंत केवळ ३.१५ टन. लांब बिलेटांची मोळी उचलतांना आंखूड सांखळी घेतली तर पाय आपोआप पसरतात. ओझें तेंच, यारी तीच, पण कड्या ताणल्या जातात.

ताणलेली सांखळी ओळखण्याची युक्ति सोपी आहे. दहा कड्यांची लांबी मोजून ती मूळ मापाशीं किंवा त्याच सांखळीच्या कमी वापरलेल्या भागाशीं ताडून पाहावी. कड्या एकमेकींत मोकळ्या फिरतात कीं अडखळतात, हें हातानें चांचपावें. आणि एक कडी ताणलेली आढळली तर तिच्याच जागीं नवी घालून समाधान मानूं नये. कारण त्या पायांतील प्रत्येक कडीनें तोच ताण सोसलेला आहे. तिची शेजारीण अद्याप मापांत असली तरी ती त्याच प्रसंगांतून गेली आहे. अशा वेळीं सबंध पाय बदलावा आणि दुसरा पायही बारकाईनें मोजावा, हें उचित.

यावरून सांखळी कधींच दुरुस्त करूं नये, असा निष्कर्ष मात्र कोणीं काढूं नये. मराठी घराला काटकसर शिकवावी लागत नाहीं. भांड्याला कल्हई, कळशीला डाग, धोतराला रफू, गोधडीला ठिगळ हें सारें आपल्या संसाराचें भूषण आहे, आणि वस्तु मोडली कीं फेंकून देण्याची नवी संवय कांहीं मोठी गौरवाची नव्हे. पण ठिगळ उसवलें तर गोधडी फाटते, मनुष्य मरत नाहीं. आणि कळशीचा डाग निघाला तर पाणी गळून तो स्वतःच आपली बातमी देतो. ज्या दुरुस्तीचा दोष आधीं दिसतो ती खुशाल करावी. जिचा दोष ओझें अंतराळीं असतांनाच प्रकट व्हावयाचा, तिच्याबाबत दंडक कडक असलाच पाहिजे.

तो दंडक तीन प्रश्नांत सांगतां येतो. पहिला, इजा एका जागीं आहे आणि ती मोजतां येते काय? दुसरा, ती कशानें झाली हें निश्चित ठाऊक आहे काय? तिसरा, दुरुस्तीनंतर सांखळीवर कसोटीचा भार चढवून तिची परीक्षा घेतां येईल आणि जाणत्या माणसाला त्याबद्दल लेखी हवाला देतां येईल काय? तिन्ही प्रश्नांचें उत्तर होय असेल तर दुरुस्ती करावी. एकाचेंही उत्तर नाहीं असेल तर सांखळी बदलावी.

उदाहरणार्थ, दोन पायांच्या सांखळीच्या एका हुकाची खिटी तुटली आहे, दुसऱ्या पायांतील एका कडीला धारदार कडेचा घाव बसून खांच पडली आहे, आणि लांबी मात्र कोठेंही वाढलेली नाहीं, असें समजूं. खिटी हा स्वतंत्र भाग आहे. त्याच बनावटीची नवी खिटी बसविली कीं काम झालें. हुकाचें तोंड मूळ मापाच्या दहाव्या भागाहून अधिक उघडलें असतें, तर तो हूक ठोकून मिटविण्याऐवजीं बदलावा लागला असता. खांच उथळ असेल, भेग नसेल आणि कानशीनें कडीच्या लांबीच्या दिशेनें घांसून ती सपाट केल्यावरही जाडी मर्यादेंत राहत असेल, तर जाणत्यानें तेवढें करावें. खांच खोल असेल किंवा आडवी भेग दिसत असेल, तर तो पाय काढून टाकावा आणि त्याच प्रतीची नवी सांखळी यांत्रिक जोडकडीनें वरच्या मोठ्या कडीला जोडावी. अशा जोडकड्या खिळ्यानें बसतात. त्यांना आग लागत नाहीं, म्हणून कोणाचें पाणी उतरत नाहीं. मग नेमून दिलेल्या भाराच्या दुपटीनें कसोटी घ्यावी, कड्या पुन्हां मोजाव्या आणि वहींत नोंद करावी. ही खरी दुरुस्ती. याउलट तीच सांखळी कोणत्या कामावर होती हें कोणीच सांगूं शकत नाहीं, तिची ओळखपट्टी हरवली आहे आणि कड्यांवर प्रतीची खूणही वाचतां येत नाहीं, अशी स्थिति असेल, तर ती डोळ्याला कितीही धडधाकट दिसो, ती कामावर ठेवण्यास आधार नाहीं.

येथें हिशेबनिसाचें म्हणणेंही ऐकावें. बारीक, एका पायाच्या सांखळीबाबत पुष्कळदां असें आढळतें कीं, नवा भाग, कारागिराची मजुरी, कसोटी आणि दाखला यांचा खर्च नव्या सांखळीच्या जवळपास जातो. तेथें बदलणेंच स्वस्त. जाड, चार पायांच्या सांखळीचें तसें नाहीं. तिची वरची कडी, हूक आणि तीन पाय सुस्थितींत असतां एका पायासाठीं सर्व टाकणें ही उधळपट्टी ठरते. म्हणजे सुरक्षितता आणि काटकसर यांचें भांडण वाटतें तितकें मोठें नाहीं. भांडण असतें तें घाईशीं. रात्रपाळीला, भट्टी तयार असतां, पर्यायी सांखळी जवळ नसते. तेव्हां फिटरच्या हातीं वेल्डिंगची कांडी जाते. ज्या कारखान्यांत एक चांगली सांखळी राखून ठेवलेली असते, तेथें हा मोह उत्पन्नच होत नाहीं. तिचा खर्च हा त्या एका रात्रीचा विमा समजावा.

कायद्यानेंही या बाबींत फार पूर्वींच लक्ष घातलें आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमानें असें ठरविलें कीं, उचलण्याचीं यंत्रें, सांखळ्या, दोर इत्यादि साधनांची सक्षम व्यक्तीकडून वर्षांतून निदान एकदां कसून तपासणी व्हावी, तिची नोंद राहावी आणि नेमून दिलेल्या भारापेक्षां अधिक भार कोणत्याही साधनावर घालूं नये. हा दंडक किमान मर्यादेचा आहे. सांखळी वर्षांतून एकदां मोजली जाते, पण ओझें रोज उचलतें. म्हणून खरा पहिला तपासनीस म्हणजे ती रोज हाताळणारा कामगार. त्यानें कडी दाखवून शंका काढली आणि ती थट्टेवारी नेली गेली, तर पुढच्या खेपेस तो बोलणार नाहीं. जो पैसे वांचवितो तो ओझ्याखालीं उभा नसतो आणि जो उभा असतो त्याला निर्णयाचा अधिकार नसतो, ही या प्रश्नांतील सर्वांत मोठी अडचण आहे. शंका घेणाऱ्याच्या शब्दावर सांखळी तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवली जाईल, एवढी व्यवस्था केली तरी ही अडचण पुष्कळशी दूर होते.

राहतां राहिला टाकलेल्या सांखळीचा प्रश्न. भंगाराच्या व्यापारांत कोणतीही वस्तु एकदम मरत नाहीं. कोपऱ्यांत टाकलेली सांखळी कोणी तरी उचलतो, धुऊन तेल लावतो, आणि ती दुसऱ्या एखाद्या ओझ्याखालीं पुन्हां उभी राहते. या वेळीं तिचा इतिहास ठाऊक असणारा मनुष्यही जवळ नसतो. म्हणून रद्द ठरविलेली सांखळी तुकडे करून निकामी करावी, हें उचित. इतर गांवांना हे तुकडे कोठें पाठवावे याची विवंचना पडेल. जालन्याला ती नाहीं. तेथें भट्टी दाराशीं आहे. जिची झीज मोजतां आली, पण जिच्याविषयीं हवाला देतां आला नाहीं, ती सांखळी तिच्यांत वितळून जाते, आणि तिचें पोलाद नव्या सळईच्या रूपानें कोणाच्या तरी घराच्या छपरांत जाऊन बसतें. तेथें तें नव्यानें कमावलेलें आणि नव्यानें तपासलेलें असतें. जुन्या सांखळीचा याहून चांगला उपयोग कोणता?